मधल्या खांबाची वाळवी

१

अंबाबाईनं कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यातच तिच्या हातातली केरसुणी गळून पडली.

मधल्या खांबाला वाळवी लागली होती. बोटाएवढ्या जाड मातीच्या नळ्या खांबाला बिलगून थेट तुळईपर्यंत चढल्या होत्या. हाच खांब परवा, नागचौथीला, आश्रुबा सुतारानं लाकूड तासायच्या वाकसाच्या दांड्यानं ठोकठोकून पाहिला होता. बुडाशी दाभण खुपसून पाहिलं होतं, कान लावून आवाज ऐकला होता, आणि मग हात झटकत म्हणाला होता, "अंबाक्का, डोळे झाकून घ्या. अस्सल सागवान हाय. हे माळवद तुमच्यापरीस जास्त जगंल."

"मग मला पुरंलच की," अंबाबाई तेव्हा हसली होती.

आता तिला हसू येत नव्हतं. उद्या परभणीला रजिस्ट्री व्हायची होती. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या त्या जाळपोळीत चुडाव्याकडचं तिचं घर गेलं आणि घरात अडकलेला नवराही गेला. तेव्हापासून ती पिंगळीला भावाकडे राहत होती. भाऊ वाईट नव्हता, भावजयही तोंडाची फटकळ असली तरी मनाची वाईट नव्हती. पण पाच वर्षं अंबाबाई जात्यापाशी अंथरूण टाकून झोपत होती, आणि पहाटे कोणी दळायला बसलं की ते गुंडाळून उठत होती. तिला स्वतःचं दार हवं होतं, एवढीच तिची हाव. त्यासाठी तिनं शेळ्या पाळल्या, वाढवल्या, विकल्या आणि चंद्रभानचं स्टेशनाकडचं घर ठरवलं. घेण्याआधी वाळवी बघून घ्यावी, हेसुद्धा तिलाच सुचलं होतं. गावातले पुरुष हसले होते तिला.

आणि आता ही वाळवी. एका सणापुरतं घर बंद काय ठेवलं, तेवढ्यात खांब भरला. अंबाबाईचा स्वभाव मुळातच संशयी. देवळात घंटा वाजली तरी कोणी वाजवली ते वळून बघणारी बाई ती. तिच्या मनात पहिला विचार आला तो वाळवीचा नव्हताच.

आश्रुबानं आपल्याला फसवलं, हा होता.

२

आश्रुबा आला, खांब बघितला आणि मटकन खाली बसला. तोवर स्टेशनाकडं जाणारे चार लोक दारात जमले होते.

"परवा न्हवती," तो म्हणाला. "अंबाक्का, लेकरांची आण घेऊन सांगतो, परवा ह्या खांबाला काय बी न्हवतं."

"परवा न्हवती आन् आज तुळईला टेकली? चंद्रभानानं तुला काय दिलं, आश्रुबा?"

त्याच्याआधी दारातले लोकच बोलले. आता ह्याला घर दाखवायला कोण बोलावणार, असं एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी मान डोलावली. आश्रुबानं वाकस उचलला, खांद्यावर टाकला आणि खाली मान घालून निघून गेला. त्याची ती पाठ बघून अंबाबाईला वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून संशय सोडणाऱ्यातली ती नव्हती.

घरी आली तर भावजयीचा, सुमनबाईचा, वेगळाच तोफखाना चालू होता. "कालचं सांजचं दूध मांजरानं पिलं, वन्सं. थेंब न्हाई ठेवला. शेळी दूध देती केवढं, आन् त्यात ह्या मेलीचा वाटा. बिनदुधाचा घ्या चहा."

ओट्यावर दुधाची तपेली लख्ख घासून पालथी घातलेली होती. अंबाबाईनं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि काळा चहा घेतला. डोक्यात खांब होता, तपेलीकडं कोण लक्ष देतो.

भाऊ दत्तराव कोपऱ्यात घोंगडीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "जाऊ दे आक्का. जागाच बरी न्हाई ती. देवानं येळेवर दाखवलं म्हण. आपलं घर हायच की तुला."

"उद्या रजिस्ट्री हाय."

"ती मोड. चंद्रभानाला मी सांगतो. तू तोंड दाखवू नकोस."

सुमनबाई चुलीपुढून म्हणाली, "मी तर पहिल्यापून म्हनायले, कशाला हवं येगळं बिऱ्हाड. हितं दोन हात जास्त असले तर बरंच असतं."

दोन हात. अंबाबाईनं चहाचा घोट गिळला. दळण, कांडण, शेण, पाणी, सगळं ह्याच दोन हातांनी व्हायचं. चंद्रभाननं दिलेली नव्या घराची एक चावी जात्यावरच्या खुंटीला टांगलेली असायची, सुमनबाईच्या डोळ्यांपुढं. ह्या विचारासरशी अंबाबाईला काळा चहा आणखीच कडू लागला.

३

चंद्रभान सकाळच्याच गाडीनं उतरला होता. तो सासुरवाडीला, चुडाव्याला, पंचमीसाठी गेला होता. घराची बातमी त्याला स्टेशनातच कोणीतरी सांगितली, आणि तो हातातल्या पुरणाच्या दिंडांच्या गाठोड्यासकट धावत दत्तरावाच्या दारात आला. गाठोडं अजून कोमट होतं. म्हणजे माणूस खरंच सासुरवाडीहून येतोय, अंबाबाईनं मनात नोंद केली.

"तुझ्याकडची चावी कुठं हाय?"

त्यानं करगोट्याला बांधलेली चावी काढून दाखवली. "ही बघा. रातसार अंगावरच होती. आक्का, मी कामून माझ्या घराला बट्टा लावू? पुर्णेला बदली झाली, बिऱ्हाड न्यायचंय. तुमी न्हाई घेतलं तर आता कोण घेतंय हे घर?"

"मी घेतो की," मागून आवाज आला.

आडतदार किशनराव धोतराचा सोगा धरून उभा होता. ह्या घरावर त्याचा फार दिवसांपासून डोळा होता. स्टेशन जवळ, गाडीवाट दारातून जाणारी. चंद्रभाननं शब्द अंबाबाईला दिला म्हणून तो गप्प बसला होता, आणि चंद्रभान शब्द मोडणाऱ्यातला नव्हता. पण अंबाबाईनंच सौदा सोडला तर त्याला कोणाची आडकाठी?

"तुमाला कशाला वाळवीचं घर, किशनराव?"

"कापूस टाकाया."

अंबाबाई थबकली. वाळवीच्या घरात कापूस टाकणारा माणूस एक तर येडा असला पाहिजे, आणि किशनराव येडा असता तर त्याची आडत कधीच बसली असती. नाहीतर घरात वाळवी नाही हे त्याला ठाऊक असलं पाहिजे.

"कापूस? वाळवी खाईल की."

"माळवद पाडतो, पत्रे टाकतो," किशनराव सहज म्हणाला. "दगड तर खात न्हाई ना वाळवी. जागा पायजे मला, लाकूड न्हाई."

उत्तर चोख होतं. पण त्या उत्तरातला एक शब्द अंबाबाईच्या कानात अडकून राहिला. दगड.

ती वळली आणि पुन्हा त्या घराकडं चालू लागली. सकाळी घाबरून तिनं वर बघितलं होतं, तुळईकडं. खाली बघायचं राहूनच गेलं होतं.

४

खांबाखाली तळखडा होता, चांगला गुडघ्याच्या निम्म्याला येईल एवढा घडीव काळा दगड. खांब त्या दगडावर उभा होता. वाळवीला लाकडापर्यंत जायचं तर जमिनीतून निघून ह्या दगडावरूनच जावं लागणार, आणि ती उघड्यावरून कधी जात नाही. माती पसरून, वाट झाकूनच जाते.

तळखडा स्वच्छ होता. मातीचा कण नव्हता त्याच्यावर. नळ्या सुरू होत होत्या त्या दगडाच्या वर, थेट लाकडापासून.

"वाळवी काय उडी मारून चढली?" अंबाबाई स्वतःशीच पुटपुटली.

तिनं नखानं एक नळी फोडली. आत वाट नव्हती. पोकळी नव्हती, पांढरा किडा नव्हता. भरीव माती होती, ओली करून वळलेली, शेवया वळतात तशी. खालचं लाकूड गुळगुळीत होतं, जसंच्या तसं. तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. घर चांगलं होतं. आश्रुबा खरा होता. त्याला दारातल्या लोकांसमोर काय बोललो आपण, ह्या आठवणीनं तिचे कान तापले.

मग तिनं फोडलेली माती उजेडात धरली, आणि ते उतरलेलं ओझं दुप्पट होऊन परत बसलं.

मातीत ज्वारीच्या लाह्यांची टरफलं होती. आणि हळद होती. ही माती वारुळाची होती, गावाबाहेरच्या त्या वारुळाची, जिथं काल सगळ्या बायांनी पंचमीची पूजा केली होती. पूजेनंतर कोणीतरी वारूळ खणलं होतं. पंचमीच्या दिवशी, जेव्हा गावात कोणी विळीला हात लावत नाही, नांगर धरत नाही, आश्रुबा वाकससुद्धा झाकून ठेवतो.

तिनं दुसरी नळी फोडली, तिसरी फोडली. पिवळं होतं. तांबडं कुठंच नव्हतं.

अंबाबाई त्या मातीकडं बघत कितीतरी वेळ उभी राहिली. सवाष्णी हळदीबरोबर कुंकू वाहतात. त्या वारुळाच्या पुढं बसतात, गर्दी करून. कुंकवाशिवाय नुसती हळद वाहणारी बाई मागच्या अंगाला बसते, कोणाच्या नजरेला येणार नाही अशी. काल मागं बसणारी बाई एकच होती.

ही तिची स्वतःची हळद होती.

५

वारूळ पुढून तसंच होतं, हळदी-कुंकवानं माखलेलं. मागच्या अंगाला मात्र भगदाड पडलं होतं आणि त्यात कोणीतरी दगड रचून ठेवले होते. ज्यानं खणलं त्यानं विचार केला होता. पुढची पूजा मोडली तर उद्या बाया बोंब ठोकतील, मागं कोण बघतंय. मागंही कोणीतरी पूजा करतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

भगदाडापुढं पळसाच्या पानाचा द्रोण ठेवला होता. तळाशी दुधाची साय वाळली होती, मुंग्या लागल्या होत्या. अंबाबाईनं तो नाकाशी नेला. आयुष्यभर शेळ्यांमागं हिंडलेल्या बाईला तो वास सांगावा लागत नाही.

ती तिथंच खाली बसली. तिला रडू आलं नाही, पण उठवेना.

दुपार कलली तसं तिनं सगळ्यांना त्या घरी बोलावलं. आश्रुबा यायला तयार नव्हता, त्याच्या दारात ती स्वतः गेली. चंद्रभान आला, किशनराव आला, दत्तराव आणि सुमनबाई आले. सकाळी दारात जमलेले लोक न बोलावता आले.

अंबाबाईनं तळखडा दाखवला, नळी फोडून दाखवली. आश्रुबानं ती माती हातात घेतली, चुरली आणि लहान मुलासारखा हसला. लोकांत कुजबुज झाली.

"आश्रुबा, सकाळी मी तुला जे बोलले ते सगळ्यांपुढं माघारी घेते," अंबाबाई म्हणाली. "तुझं इमान साबूत हाय. आता राहिलं हे की हे केलं कोनी. कुलूप मोडलेलं न्हाई. चावी चंद्रभानाकडं, न्हाईतर आमच्या खुंटीला. चंद्रभान पंचमीला चुडाव्यात होता."

सगळ्यांच्या माना किशनरावाकडं वळल्या.

"मला कामून बघायलात?" तो दचकला.

"तुमच्याकडं चावी न्हाई, किशनराव. माझा शक लय होता तुमच्यावर, खोटं कशाला बोलू. पन ज्यानं वारूळ खणलं त्याला भ्याव वाटलं. त्यानं वारुळापुढं दूध ठेवून माफी मागितली. तुमच्या दारात म्हैस हाय, आन् चंद्रभानाकडं जनावरच न्हाई. दूध शेळीचं होतं."

आता कोणीच कोणाकडं बघेना. अंबाबाईची नजर सुमनबाईवर गेली. दोन हात जास्त असले तर बरं म्हणणारी सुमनबाई. सकाळभर तिचाच संशय मनात घोळत होता, आणि ते ओळखल्यासारखी सुमनबाई गोरीमोरी झाली.

"वन्सं, मी न्हाई. काल जेवणं झाल्यावर दिवस मावळंस्तोवर तुमच्या हाताला हात धरून मी फुगडी खेळत होते. आन् मी वारुळाला कुदळ लावीन? आमचं दूध तर मांजरानं..."

ती मध्येच थांबली.

"मांजर दूध पितं, सुमन," अंबाबाई हळू आवाजात म्हणाली. "तपेली घासून पालथी घालत न्हाई."

सुमनबाईनं सावकाश मान वळवली आणि नवऱ्याकडं बघितलं.

६

दत्तराव भिंतीला टेकून उभा होता. पटका काढून हातात घेतला होता आणि त्याची घडी करत होता, पुन्हा मोडत होता.

"मीच," तो म्हणाला. "आश्रुबा, तुझं नाव जाईल हे ध्यानात आलं न्हाई बाबा. माझं डोकंच चालंना."

"दत्ता, कामून?"

"स्टेशनाकडचं घर, एकटी बाई. तुझं घर जळल्यावर गाडीत घालून मीच आणलं तुला. रस्ताभर तू एक शब्द बोलली न्हाईस. तेव्हाच मनाशी म्हनलं, हिला आता कधी एकटी ठेवायची न्हाई. आन् लोक काय म्हणतील, बहीण जड झाली म्हनून काढली. उद्या रातच्याला कोनी दार ठोठावलं तर काय करशील तू?"

अंबाबाईला वाटलं होतं आपण चिडू. ओरडायचं तिनं ठरवूनही ठेवलं होतं. पण समोर उभा असलेला माणूस तिनं कडेवर खेळवलेला होता, आणि त्याच्या नखांत अजून वारुळाची माती होती.

"दार माझं असंल तर ठोठावणाऱ्याला मी इचारीन, कोन हाय," ती म्हणाली. "तुझ्या घरात मला दारच न्हाई, दत्ता. मी जात्यापाशी झोपते. कोनी येतं, कोनी जातं. मला कोनी इचारत न्हाई आन् मीही कोनाला इचारू शकत न्हाई."

दत्तरावानं पटक्याची घडी पुन्हा मोडली.

"चौथीचा उपास कोनासाठी असतो, ठाव हाय ना तुला? भावासाठी. परवा दिवसभर पाणी पिऊन राहिले मी. काल वारुळाच्या मागं बसून हळद वाहिली ती तुझ्या नावानं. तीच तू खणून आणलीस आन् माझ्या खांबाला फासलीस."

तो भिंतीवरून घसरत खाली बसला आणि पटक्यात तोंड घालून रडला. त्याला रडताना पिंगळीत कोणी कधी बघितलं नव्हतं. किशनराव खोकला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. जमलेले लोकही एकेक करून पांगले.

शेवटी अंबाबाईनं कोपऱ्यातली घागर भावापुढं ठेवली. "ऊठ. खांब धू."

त्यानं खांब धुतला. आश्रुबा फडकं घेऊन पुढं झाला तर अंबाबाईनं त्याला मागं ओढलं. त्याचं त्याला धुऊ दे, म्हणाली. माती उतरली तसं सागवान काळंभोर, तुकतुकीत दिसू लागलं, कुठं एक खाच नाही. सुमनबाई तेवढ्या वेळात वारुळाकडं जाऊन ते भगदाड नीट लिंपून आली, आणि तिनं कोणाला न सांगता मागच्या अंगालाही कुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी परभणीला दस्तावर अंबाबाईनं अंगठा उठवला. गवाह म्हणून पहिली सही दत्तरावाची होती. तिनंच मागितली ती. करताना तो एकेक अक्षर गिरवत राहिला आणि कारकून म्हणाला, सावकाश करा, घाई नाही.

बिऱ्हाड म्हणजे काय, एक ट्रंक, दोन घागरी आणि अंथरूण. चंद्रभान आपली चावी देऊन पुर्णेच्या गाडीत बसला. अंबाबाई भावाच्या घरी गेली आणि जात्यावरच्या खुंटीवरची चावीही काढून आणली. दत्तराव बघत होता. एक चावी आपल्याकडं राहू दे असं त्याला म्हणायचं होतं, पण म्हणाला नाही.

त्या संध्याकाळी अंबाबाईनं नव्या चुलीवर भाकरी टाकली. दार सताड उघडं होतं. बाहेर गाडीवाटेचा धुरळा दिसत होता, स्टेशनात सिग्नलचा दिवा लागला होता. एवढ्यात कडी वाजली. उघड्याच दाराची कडी, हळूच, भीत भीत.

वळून बघायची गरजच नव्हती. पाऊल तिनं ओळखलं होतं, शेळीच्या दुधाचा वासही ओळखला होता. तरी तिनं भाकरी उलटली, फुगू दिली, हात पदराला पुसले, आणि मग पाच वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं विचारलं, "कोन हाय?"

उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्याचा आवाज आला.

"मी हाय, आक्का. दत्ता. दूध आणलंय. आत येऊ का?"

तिनं भाकरी टोपल्यात टाकली, दुसरी थापायला घेतली, आणि त्याला जरासं ताटकळत ठेवलं.

"ये," ती म्हणाली.